उभा ऊस यंत्राला, पडलेला कोयत्याला : धारूर तालुक्यातील एका टोळीचे प्रकरण

2025 च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातील डोंगरपट्टीच्या एका वाडीवर ऊसतोड टोळीचा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, वाटायला बसला, तेव्हा त्याच्याजवळ चौदा कोयत्यांऐवजी (एक कोयता म्हणजे तोडणीचे एक जोडपे) आठच कोयत्यांची उचल होती. उरलेल्या सहा जोडप्यांना त्याने सांगितले की ट्रॅक्टरमालकाने ऊसतोडणी यंत्र घेतले आहे, त्यामुळे यंदा एवढी माणसे लागणार नाहीत. या सहांपैकी पाच जोडप्यांच्या अंगावर मागील हंगामाची बाकी होती. ती कशी फिटणार, याचे उत्तर मुकादमाजवळ नव्हते, ट्रॅक्टरमालकाजवळही नव्हते, आणि कारखान्याच्या शेतकी विभागाला तर ही माणसे नावानिशी ठाऊकही नव्हती. यंत्रे आणि स्वयंचलनामुळे किती रोजगार घटेल यावर पुष्कळ लिहिले जाते. परंतु मराठवाड्यात यंत्र ज्या नात्यावर येऊन आदळते ते नाते महिन्याच्या पगाराचे नाही, उचलीचे आहे. त्यामुळे येथे काम जाते तेव्हा त्याबरोबर पत जाते आणि कर्ज मात्र जागेवर राहते. या प्रकरणाची नोंद मी मुख्यतः एवढ्यासाठी करीत आहे.

ही टोळी मी 2021 पासून पाहत आलो आहे. पुढे दिलेले टोळीचे आकडे मुकादमाच्या वहीतून आणि त्या जोडप्यांशी बसून केलेल्या हिशेबातून घेतले आहेत. वाडीचे, कारखान्याचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

टोळीचा हिशेब

नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एकट्या माणसाचा अर्धा. या वाडीतील बहुतेकांकडे एक-दोन एकर कोरडवाहू मुरमाड जमीन आहे. तिच्यात बाजरी, कापूस किंवा सोयाबीन येते, पण पिकाच्या भरवशावर वर्ष निघत नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघते. पूर्वी ती सांगली-कोल्हापूरकडे आणि सीमेपलीकडे बेळगाव भागात जात असे; अलीकडची काही वर्षे लातूर जिल्ह्यातील एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रात जाते. पहाटे फडात उतरायचे, ऊस बुडातून तोडायचा, वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) छाटायचे, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि वाहन आले की त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायच्या. वाहन रात्री दोनला आले तर भरणी रात्री दोनला होते.

पैशाचा ओघ याच्या उलट दिशेने चालतो. कारखाना वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरमालकाशी करार करून त्याला रक्कम देतो, ट्रॅक्टरमालक तीत स्वतःची भर घालून ती मुकादमाला देतो, आणि मुकादम ती कोयत्यामागे वाटतो. हीच उचल. तिच्यातून मुलीचे लग्न होते, दवाखाना होतो, पेरणीचे बियाणे-खत येते, पडलेली भिंत उभी राहते. बँक ज्या घराला तारणाशिवाय सहसा पन्नास हजारही देत नाही, त्या घराला मुकादम केवळ दोन माणसांच्या हातांवर लाखभर रुपये देतो. व्याज दिसत नाही, पण ते हातांमधूनच वसूल होते. एक दिवस कामावर न गेल्यास खाडा लागतो आणि तो बाकीत चढतो.

तोडणीचा मूळ दर ऑक्टोबर 2020 मधील 14 टक्के वाढीनंतर टनामागे सुमारे 273 रुपये होता. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात 34 टक्के वाढीचा करार झाला आणि तो 366 रुपयांच्या घरात गेला. ही वाढ मोठी आहे आणि ती संघर्ष करून मिळालेली आहे. तरीही वहीतले आकडे वेगळेच बोलतात. 2021-22 च्या लांबलेल्या हंगामात टोळी 168 दिवस फडावर होती आणि एका कोयत्याने सरासरी 290 टन ऊस तोडला. त्याचे 79 हजार रुपये झाले. 2024-25 मध्ये मुक्काम 104 दिवसांचा, ऊस 150 टन आणि रक्कम 54,900 रुपये. दर तिसऱ्या हिश्शाने वाढला आणि हाती येणारी रक्कम चोवीस हजारांनी कमी झाली.

ही सगळी घट यंत्राच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 2024-25 चा हंगाम मुळातच आखूड होता: गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झाले, ऊस कमी होता आणि बऱ्याच कारखान्यांचे पट्टे फेब्रुवारी-मार्चमध्येच पडले, म्हणजे गाळप संपले. जुन्या गतीने, म्हणजे मुक्कामाच्या दिवसाला पावणेदोन टनांच्या आसपास तोडणी झाली असती, तर 104 दिवसांत 180 टन झाले असते. प्रत्यक्षात झाले 150. म्हणजे 140 टनांच्या घटीपैकी 110 टन दिवस कमी झाल्यामुळे गेले आणि 30 टन गती मंदावल्यामुळे. या तीस टनांचे सुमारे अकरा हजार रुपये होतात, आणि तेवढ्या रकमेचा उलगडा फडात जाऊन पाहिल्यावरच होतो.

यंत्र का आले

यंत्र केवळ स्वस्त आहे म्हणून आले, हे म्हणणे मला पटत नाही. यंत्राच्या तोडणीला कारखान्याला टनामागे मोजावा लागणारा दर हातच्या तोडणीपेक्षा फारसा कमी नसतो. खरे कारण 2021-22 च्या उन्हाळ्यात आहे. त्या वर्षी राज्यात उसाचे विक्रमी पीक आले. मराठवाड्यात मे उजाडला, जून आला, तरी ऊस शेतात उभा होता, टोळ्या उन्हामुळे आणि पेरणीच्या घाईने गावाकडे परतू लागल्या होत्या, आणि गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्याने तोड मिळत नाही म्हणून उसाला आग लावून आत्महत्या केली. शासनाला दूरच्या वाहतुकीसाठी आणि घटलेल्या साखर उताऱ्यासाठी अनुदान द्यावे लागले. त्या उन्हाळ्याची धास्ती शेतकऱ्याने घेतली, कारखान्याने घेतली आणि शासनानेही घेतली. 2023 मध्ये राज्याने 900 ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान योजना आणली: यंत्राच्या किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. मोठ्या यंत्राची किंमत कोटीच्या घरात असताना हे साहाय्य निर्णायक ठरते.

याखेरीज आणखी दोन गोष्टी आधीपासून घडत होत्या. उचल घेऊन टोळीच न पाठवणारे मुकादम आणि त्यात बुडालेले ट्रॅक्टरमालक, हा या भागातील जुना आजार आहे. लाखो रुपये माणसांच्या शब्दावर लावण्यापेक्षा तेच बँकेचे हप्ते म्हणून भरावेत आणि यंत्र दाराशी उभे असावे, असा विचार ट्रॅक्टरमालकाने केला तर त्याला दोष देता येत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतर ठिबक करणारे शेतकरी वाढले, आणि ठिबकाबरोबर तीन फुटांची सरी जाऊन साडेचार-पाच फुटांची आली. यंत्राला नेमकी हीच रुंद सरी लागते. पाणी वाचवण्यासाठी केलेल्या बदलाने यंत्राची वाट आपोआप मोकळी केली.

आणि हेही मान्य केले पाहिजे की वाडीतील तरुण पोरांना कोयता धरायचा नाही. त्यांनी तो धरू नये असे मलाही मनापासून वाटते.

फडात काय बदलले

जानेवारी 2025 मधील एक दिवस मी पूर्ण पाहिला. एकाच शिवारात नदीच्या अंगाला सहा एकरांचा सलग, ठिबकावरचा, सरळ उभा ऊस होता. नाल्याच्या कडेला अडीच एकरांचा तुकडा होता, त्यात वाऱ्याने लोळलेला खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. सकाळी कारखान्याचा स्लिपबॉय (तोडणीचे नियोजन पाहणारा कर्मचारी) आला आणि त्याने सहा एकर यंत्राला, अडीच एकर टोळीला लावून दिले. यंत्र सरीवर चढले. त्याच्या पुढचे फिरते दाते उसाची टोके छाटत होते, खालच्या चकत्या बुडखा कापत होत्या, आत कांड्यांचे वीतभर तुकडे होत होते आणि मागच्या पंख्यातून पाचटाचा फवारा उडत होता. शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत तुकडे पडत राहिले. एकरभर ऊस साडेतीन-चार तासांत निघाला. एवढ्या उसाला चौदा कोयत्यांची टोळी दीड दिवस घेते.

नाल्याकडे त्या दिवशी टोळीला दुप्पट कष्ट पडले. लोळलेला ऊस एकमेकांत गुंतलेला असतो, बुडखा सापडत नाही, कांडी वाकडी असल्याने मोळी नीट बसत नाही, आणि खाली ओल असल्याने ट्रॉली बांधावरच उभी राहते, म्हणजे मोळी दुप्पट अंतर वाहावी लागते. दर मात्र टनामागे तोच. टोळीतील सगळ्यात वयस्क मावशी मोळी टाकून पाणी प्यायला थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "यंत्र उभा ऊस नेतं दादा, आन् पडलेला आमाला ठिवतं. उभ्या उसातच आमाला चार पैसे सुटायचे." तीस टनांचा सगळा उलगडा या वाक्यात आहे. पूर्वी चांगला फड आणि वाईट फड यांची सरासरी टोळीच्या पदरात पडत असे. यंत्राने चांगले फड उचलले, सरासरी मोडली, आणि करारातील 34 टक्के वाढीचा काही भाग कोणी दर कमी न करताच नाहीसा झाला. रोजगार जाण्याच्या आधी रोजगारातला कस जातो, आणि तो कोणत्याही आकडेवारीत चढत नाही, कारण कागदावर टोळी त्या दिवशी कामावरच होती.

वाढ्यांचेही असेच. हाताने तोडताना निघणाऱ्या वाढ्यांच्या पेंढ्या जोडपी गावातल्या जनावरांसाठी विकतात. त्यातून रोज शे-दीडशे रुपये मिळतात आणि मीठ-मिरची, तेल भागते. यंत्र वाढे फाडून रानभर पसरवते. ते पाचट जमिनीसाठी चांगले आहे, ते न जाळता सरीत ठेवल्यास ओल टिकते, म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने हा लाभच आहे. परंतु ज्या घराची रोजची चूल वाढ्यांवर चालत होती, त्याला आता किराणा दुकानात खाते उघडावे लागते आणि तेही हंगामाच्या शेवटी बाकीत मिळवले जाते.

अर्ध्या कोयत्याचा प्रश्न

एका यंत्राने दिवसाला शंभर टन धरले आणि हंगाम 120 दिवसांचा धरला तर बारा हजार टन होतात. कोयत्यामागे 220 टन धरल्यास हे साधारण 55 कोयत्यांचे, म्हणजे 110 माणसांचे काम आहे. यंत्रावर चालक, मदतनीस आणि ट्रॉल्यांचे चालक मिळून आठ-दहा माणसे लागतात. मी पाहिलेल्या यंत्रावर ते सगळे पुरुष होते. स्त्रियांना काम मिळाले ते यंत्र वळण्यासाठी बांधाकडेचा ऊस आधी तोडून देण्याचे आणि मागे सांडलेले तुकडे वेचण्याचे, तेही यंत्र त्या शिवारात असेल तेवढे दिवस, रोजंदारीवर.

कोयत्यातील स्त्रीची मजुरी कधीच तिच्या हातात वेगळी आली नाही. उचल नवऱ्याच्या नावे आणि हिशेबही त्याच्याच नावे. तरीही तिच्यावाचून कोयता पुरा होत नसे आणि मुकादमाला तिला धरूनच बोलावे लागे. या कामाने तिच्या शरीराची काय दशा केली, हे 2019 मध्ये महाराष्ट्रासमोर आले. बीड जिल्ह्यात तपासणी झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागे खाड्याची भीती होती, फडावर आडोसा आणि पाणी नसणे होते, आणि दवाखान्यांचा लोभही होता. म्हणून हा कोयता टिकावा असे कोणीही म्हणू नये, मी तर मुळीच म्हणणार नाही. जे काम माणसाची पाठ मोडते आणि मुलांची शाळा सोडवते, ते यंत्राने करावे हेच योग्य आहे. माझा आक्षेप आहे तो हिशेबाच्या वाटणीला: यंत्र घेणाऱ्याच्या जोखमीतला मोठा वाटा सार्वजनिक पैशातून उचलला गेला, आणि ज्यांचे काम गेले त्यांच्या अंगावरची बाकी मात्र खासगी बाब ठरली.

बाकी कुठे गेली

2024 च्या पावसाळ्यात या टोळीला कोयत्यामागे एक लाख दहा हजार उचल मिळाली होती. हंगामात 54,900 फिटले. निम्मी रक्कम उरली. पूर्वी अशी बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत वळती होत असे. तो एक प्रकारचा बांधीलपणा होता, पण त्याला पुढचे वर्ष असे. आता सहा कोयत्यांना पुढचे वर्षच उरले नाही. एका जोडप्याचा हिशेब त्या वर्षी कसाबसा चुकता झाला. उरलेल्या पाचांपैकी दोघांनी शेळ्या विकून थोडी रक्कम दिली, एकाने बायकोचे डोरले गहाण ठेवले, एका जोडप्याने वीटभट्टीवरच्या दुसऱ्या मुकादमाकडून उचल घेऊन पहिली फेडली, आणि एकाने काहीच दिले नाही. त्याची मोटारसायकल ट्रॅक्टरमालकाच्या अंगणात उभी आहे. मुकादमाची स्थितीही चांगली नाही, कारण ट्रॅक्टरमालकापुढे बाकीला जामीन तोच आहे. त्याला खलनायक ठरवून हे प्रकरण समजत नाही. साखळीच्या वरच्या कड्या एकेक करून निसटल्या आणि शेवटच्या दोन कड्या एकमेकींत अडकून राहिल्या.

शासनाची यंत्रणा या घरांपर्यंत किती पोचते? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे; गाळप उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तितकाच वाटा शासनाने द्यावा अशी तरतूद आहे, आणि संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहे त्यातून उभी राहत आहेत. वसतिगृहांचे मोल मी कमी मानत नाही. या टोळीतील दोन मुली त्यामुळे शाळेत टिकल्या. पण यंत्रामुळे गेलेल्या कामाची भरपाई या निधीतून होईल असे कोणी समजत असेल, तर साधा गुणाकार करून पाहावा. यंत्राच्या बारा हजार टनांवर कारखान्याचे एक लाख वीस हजार आणि शासनाचे तितकेच, मिळून दोन लाख चाळीस हजार. 55 कोयत्यांत वाटले तर प्रत्येकी साडेचार हजारही होत नाहीत, आणि गेलेले काम होते ऐंशी हजारांचे. शिवाय ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र तोडीला जाणाऱ्याला आहे. जो आता जात नाही, तो ऊसतोड कामगार म्हणून मोजला जाणार नाही आणि बेरोजगार म्हणून त्याची नोंद कधीच नव्हती.

याच राज्याने 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी केली आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला. त्याआधी 1969 मध्ये माथाडी कायद्याने हमालाच्या घामावर मालकाकडून लेव्ही घेऊन मंडळे स्थापली. दोन्ही वेळा प्रश्न हाच होता की ज्याचा कायमचा मालक कोणी नाही, त्याची जबाबदारी कोणी घ्यायची. म्हणून या प्रकरणापुरत्या माझ्या सूचना मोजक्या आहेत. यंत्रावर सार्वजनिक अनुदान घेणाऱ्याने त्याच्याकडे आधी काम करणाऱ्या टोळीची यादी द्यावी आणि त्या टोळीच्या बाकीची तडजोड झाल्याशिवाय अनुदानाचा अंतिम हप्ता सुटू नये. पडलेल्या, ओल्या आणि तुकड्यातल्या उसासाठी तोडणीचा वेगळा, वाढीव दर पुढच्या करारात लिहिला जावा, कारण यापुढे टोळीच्या वाट्याला मुख्यतः तोच ऊस येणार आहे. आणि यंत्रांच्या हंगामी नोकऱ्यांत त्याच तालुक्यांतील मुलामुलींना प्रशिक्षण देऊन जागा राखाव्यात. बचत गटाने यंत्र घ्यावे ही सूचनाही ऐकू येते, पण कोटीच्या यंत्रात स्वतःचे भांडवल घालून वर बँकेचा हप्ता भरायचा असतो. उचलीवर जगणाऱ्या घरांचा गट ती जोखीम पेलू शकेल असे मला वाटत नाही.

शहराकडे जाण्याचा मार्ग पूर्वीइतका रुंद राहिलेला नाही, एवढे जाता जाता सांगितले पाहिजे. टोळीतील एका जोडप्याचा मुलगा आयटीआय करून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर आहे. त्याच्या विभागात वेल्डिंगचे काम रोबोट करतो. हा सुटे भाग चौकटीत बसवून देतो आणि बटण दाबतो. कंत्राट सात महिन्यांचे आहे. आई-वडिलांना तो महिन्याला चार हजार पाठवतो आणि त्यातले दोन हजार बाकीत जातात.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. वाडीतील सोयाबीन पाण्यात गेले आणि लातूरकडच्या शिवारांत काळी जमीन इतकी फुगली की हंगाम सुरू झाला तरी यंत्र फडात घालता येईना; चाके रुतत होती. तेव्हा ट्रॅक्टरमालकाने मुकादमाकरवी त्या सहा कोयत्यांना निरोप पाठवला की रान वाफशावर येईपर्यंत तोडीला या, टनाचा दर मिळेल, उचल मिळणार नाही. चार जोडपी गेली. वीटभट्टीवरचे जोडपे तिथे बांधले गेले होते, म्हणून आले नाही. मोटारसायकलवाला गेला नाही. डिसेंबरच्या मध्यावर रान सुकले, यंत्र सरीवर चढले, आणि चारही जोडपी एकोणतीस दिवसांचा हिशेब घेऊन वाडीवर परत आली. तो हिशेब मी पाहिला. ज्यांच्या अंगावर बाकी होती त्यांची रक्कम रोख दिलेली नव्हती. ती जुन्या बाकीत जमा धरली होती.